सरूमायची कोरडी खोली

सरूमायने आम्हाला खोली दाखवण्याआधी जेवायला वाढलं. वाशीमला मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. वऱ्हाडचा कारभार तेव्हा मुंबईहून नव्हे, नागपूरहून चालायचा. मी तेवीस वर्षांची विधवा आणि माझ्याबरोबर चौदा वर्षांची धाकटी बहीण सुमन. सकाळपासून आम्ही पाच घरं पाहिली होती आणि पाचही ठिकाणी ‘पुरुषमाणूस कोण राहील?’ या प्रश्नाशी बोलणं संपलं होतं. सहाव्या दारातल्या ठेंगण्या, पन्नाशीच्या बाईने काहीच विचारलं नाही. सुमनचं मनगट धरून तिला आत ओढलं आणि म्हणाली, “उन्हात काहून उभी राह्यली वो पोरी? पैले भाकर खा, मंग बोलू.”

ज्वारीची भाकर, बेसन आणि मिरचीचा ठेचा. जेवण झाल्यावर तिने खोली दाखवली. नुकतीच चुन्याने पोतारलेली, पांढरीशुभ्र. मी विचारायचं ते आधीच विचारलं. सुमनला लहानपणापासून दम्याचा त्रास. आसेगावला आमच्या घरी शेणामातीची जमीन ओलावली की तिला धाप लागायची. म्हणून मी स्पष्ट म्हटलं, “माय, हिला ओल सोसत नाही. पावसाळ्यात ही खोली कशी असते?”

“ओल? अन् माह्या घरात?” ती हसली. माझा तळवा धरून तिने भिंतीला टेकवला. “पाह्य, हाय नं तव्यासारखी? बारा महिने अशीच राह्यते.”

मे महिन्यातली भिंत गरमच होती. मी सामान आणलं.

सरूमाय निपुत्रिक विधवा. नवरा लवकर गेला, पण सासऱ्याचं घर तिच्याकडे राहिलं. पुढची खोली तिची, मधे ओसरी आणि मागची खोली बिऱ्हाडकरूंची. सगळी गल्ली तिला माय म्हणायची, आणि तसं म्हणवून घेण्याचा तिला भारी सोस. कुणाचं मन मोडेल असं वाक्य तिच्या तोंडून निघतच नसे. शेजारची सून एकदा कढी घेऊन आली. मीठ एवढं की मला घोट गिळवेना. सरूमायने वाटी रिकामी केली, वर आणखी मागितली. सून आनंदाने गेल्यावर मी हसले, तर म्हणाली, “खरं बोलून कोनाची कढी गोड झाली वो बाई? तिची सासू बोलतेच खरं. एकानं तं खोटं बोलावं.”

मला ते फार आवडलं होतं. मी शाळेत सहकारी बाईंना कौतुकाने सांगितलंही होतं. रोज संध्याकाळी शाळेतून आलो की ओसरीवर चहा तयार असायचा. सुमन सातवीत होती. पास झाली असती तर तिलाही मास्तरीण होता आलं असतं. सरूमायला अक्षर येत नव्हतं, पण सुमन धडा मोठ्याने वाचायची तेव्हा ती समोर बसून मान डोलवायची. मधेच म्हणायची, “माही लेक मास्तरीण होऊन राह्यली.” माझी लेक! मी त्यावरही खूश होते. नवरा गेल्यापासून मला कुणी घरचं म्हटलं नव्हतं.

आषाढाचा दुसरा आठवडा उलटला आणि पूर्वेची भिंत जमिनीपासून काळवंडू लागली. आधी वीतभर, मग कमरेएवढी. चुन्याचे पोपडे सुटले, त्याखाली पांढरं मीठ फुललं. पेटीतली लुगडी कुबट झाली, सुमनच्या वह्यांची पानं एकमेकांना चिकटली. माझ्याआधी सरूमायच कामाला लागली. “औंदा पानीच बेफाम हाय,” ती म्हणाली. “होते समदं बरोबर.” कोपऱ्यात कळीच्या चुन्याचं पोतं आणून ठेवलं, म्हणजे ते हवेतला ओलावा ओढून घेईल. सुमनच्या खाटेच्या पायांखाली विटा दिल्या. दिवसातून दोनदा ती शेगडी फुलवून आत आणायची. बाहेरून पाणी मुरत असेल म्हणून आम्ही दोघींनी पदर खोचून भिंतीलगत चर खणला आणि त्यात मुरूम भरला. काळ्या मातीचा चिखल तिच्या कोपरापर्यंत. मी म्हटलं, “माय, तुम्ही राहू द्या.” तर म्हणे, “तू शाळेतली बाई, तुह्या हाताले फोड येतीन.”

एवढं करूनही ओल आठ दिवसांत छातीपर्यंत चढली.

श्रावणात सुमनला पहिला मोठा झटका आला. ओठ निळे पडले, बोलता येईना. सरूमाय खाटेवर तिच्या पाठीशी बसली आणि तिला छातीशी टेकवून तशीच बसून राहिली. ओव्याचा वाफारा, गरम राखेची पुरचुंडी, डॉक्टरांची पुडी, सगळं तिच्याच हाताने. तीन दिवस ती जवळजवळ जेवली नाही. मला तर रजा मिळत नव्हती. मी शाळेत जायची ती तिच्या भरवशावर. चौथ्या दिवशी सुमन उठून बसली तेव्हा मी सरूमायच्या पाया पडले. “आईनं केलं नसतं एवढं केलंत,” असं मी म्हणाले. ती काहीतरी पुटपुटली आणि शेगडी घेऊन बाहेर गेली.

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच झालं. मग मी ठरवलं की भिंतीचा माहीतगार माणूस आणायचा. सरूमाय म्हणायची, गवंडी कशाला, थांब, पाणी उतरू दे. ती बाजाराला गेली होती त्या दिवशी मी करीमचाचांना बोलावून आणलं. म्हातारे गवंडी, अर्ध्या गावाची घरं त्यांच्या हातची. ते खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. भिंतीला हातही लावला नाही.

“बाई, ही खोली तर मले ठावी हाय,” ते म्हणाले. “मेहनत कायले वाया घालता? सिमेंटाचं परमिट आनलं तरी काही फायदा नाई. या भिंतीखाली विहीर हाय.”

“विहीर?”

“खाऱ्या पान्याची. सरूबाईच्या सासऱ्यानं बुजवली अन् वर खोली चढवली. माती टाकली म्हून पानी मरते काय? वरून पाऊस पडला की खालून चढते. मी सरूबाईले तीन खेपा सांगतलं, इथं माणूस ठेवू नोको, कडबा ठेव. तुमच्या आगुदर तलाठ्याचं बिऱ्हाड होतं, थे गेलं. त्याच्या आगुदर कंपौंडर होता, थो बी गेला.” त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. “तिनं तुमाले सांगतलं नाई?”

मी ओसरीवर येऊन बसले. पोतं, विटा, शेगडी, तो चर. खणताना तिला माहीत होतं की हातभर खाली काय आहे. चिखलाने माखलेले आमचे दोघींचे हात मला सारखे दिसत होते. तिने माझा तळवा भिंतीवर टेकवला, तोही भर उन्हाळ्यात, भिंतीला चुन्याचा ताजा हात देऊन.

सरूमाय बाजारातून आली. पिशवीत सुमनसाठी डाळिंब होतं. मी सरळच विचारलं, “माय, या भिंतीखाली विहीर आहे?”

तिने पिशवी खाली ठेवली. नाही म्हणेल असं वाटलं, पण नाही म्हणाली नाही.

“कोनी सांगतलं?”

“तुम्ही नाही सांगितलं.”

“खरं सांगतलं असतं तं तू राह्यली असती काय?” ती खाली बसली. “रिकाम्या घरात मले घास उतरत नाई वो पोरी. बिऱ्हाड गेलं की चार-चार महिने मी भिंतीसंगं बोलतो. तुमी दोघी आल्या अन् घराले आवाज आला. मले वाटलं, औंदा पानी कमी पडन. दर साली मले असंच वाटते.”

“माझी बहीण मेली असती!”

“मी मरू देली असती काय तिले? मीच तं सांभाळली.”

“सांभाळली? तुमची खोली कोरडी ठणठणीत आहे. पोरगी धापा टाकत होती, तेव्हा तिला तुमच्या खोलीत निजवावं असं तुमच्या मनात आलं नाही? का, तर मला कळेल म्हणून!”

आवाज ऐकून सुमन दारात आली होती. सरूमायने एकवार तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या पाहण्याचा मला आणखी संताप आला. वाटलं, ही आता आजारी पोरीचा आडोसा शोधते आहे.

“आजपासून तुमी दोघी माह्या खोलीत राहा,” ती शेवटी म्हणाली. “मी मांगच्या खोलीत जातो. पोरीची परीक्षा होऊ दे.”

मी नको म्हटलं. जिला मी आई मानलं, तिच्या उपकाराचा आता घोटभर चहासुद्धा मला नको होता. त्याच दिवशी मी वडिलांना निरोप धाडला. दोन दिवसांनी ते बैलबंडी घेऊन आले आणि सुमनला आसेगावला घेऊन गेले. निघताना सुमन सरूमायच्या गळ्यात पडून रडली. मी तोंड फिरवून उभी राहिले. मी शाळेतल्या एका बाईंच्या घरी कोपरा धरला. तिथे तिसऱ्या माणसाला जागा नव्हती. दसरा झाल्यावर सुमनला परत आणायचं असं मी ठरवलं होतं. पण वडील म्हणाले, आता पुरे झाली शाळा. आसेगावची शाळा सहावीपर्यंतच होती. पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं, रिठदला.

सरूमाय मला नंतर दोनदा बाजारात दिसली. एकदा तिने हाक मारली, “बाई, बरी हायेस?” मी ऐकलं नाही असं दाखवलं. तिने त्या खोलीत पुन्हा बिऱ्हाड ठेवलं नाही, एवढं करीमचाचांकडून कळलं. आणि चार वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, ती गेल्याचंही त्यांनीच सांगितलं. ओसरीवर बसल्या बसल्या गेली म्हणे.

सुमन तेव्हा बाळंतपणासाठी आसेगावला आली होती. मी सुट्टीत गेले आणि तिला सांगितलं. ती ढसाढसा रडली. मला राहवलं नाही. “कुणासाठी रडतेस?” मी म्हटलं. “तिनं आपल्याला फसवलं. तुझी शाळा तिच्यापायी गेली.”

सुमनने डोळे पुसले. मग मांडीवरच्या बाळाकडे पाहत म्हणाली, “ताई, मले ठावं होतं.”

“काय?”

“विहिरीचं. पैल्या झटक्यातच तिनं मले सांगतलं. रडून राह्यली होती. तू शाळेत गेली की मले उचलून तिच्या खोलीत नेऊन निजवे, अन् तू यायच्या वक्ती परत आने. मीच तिले माह्या गळ्याची आन घातली होती, ताईले सांगू नोको म्हून.”

“अगं, पण का?” मी विचारलं.

“तुले कळलं असतं तं तू त्याच दिवशी बिस्तरा बांधला असता अन् मले गावाले धाडलं असतं. मले सातवी पास व्हायचं होतं. फागुनापर्यंत कसंबी काढू, असं आमी दोघींनी ठरवलं होतं.” तिने बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. “तू तिले बोलली, तवा मी दारातच होती. तिनं माह्यं नाव घेतलं नाई.”

बाळ रडायला लागलं, तशी ती त्याला पदराखाली घेऊन भिंतीकडे वळली. तिच्या आवाजात माझ्यावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

सरूमायने मला फसवलं, हे मी आजही म्हणते. चुन्याचा तो हात, तव्यासारखी म्हणून दाखवलेली ती भिंत, ते मला विसरता येत नाही आणि विसरायचंही नाही. पण त्या पावसाळ्यात त्या घरात आम्ही तिघी राहत होतो, आणि तिघींपैकी खरं काय ते माहीत नसलेली एकटी मीच होते.