मागच्या दारचा सेन्सर दिवा

बेलपाड्यातल्या त्या मागच्या अंगणाची आठवण झाली की आजही माझी मान आपोआप मागे वळते. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तेव्हा मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गावातली एक बाई खबर घेऊन आली, पण माझं नाव घेऊ नका म्हणाली. "सायेब, आमचे शेजारची म्हातारी अन्नपाणी सोडून बसलीय. मेलेला नवरा रोज दार वाजवतो म्हनते." ठाणे अंमलदार फिदीफिदी हसला. मी त्याला झापलं आणि स्टेशन डायरीत नोंद करायला लावली. एकटी म्हातारी आणि बिल्डरच्या डोळ्यांत भरणारी जागा. असल्या भुतांना बहुधा हातपाय असतात.

म्हातारीचा नवरा जन्मभर मिठागरात राबला. पाय चिखलामिठाने भरलेले, म्हणून तो कायम मागच्या अंगणातून यायचा, मोरीवर पाय धुवायचा आणि काठीने दार ठोकायचा. आता तिन्हीसांजेला तशीच काठी वाजत होती. पायरीवर ओली पावलं उमटत होती आणि ती वाळली की तिथे पांढरं मीठ राहत होतं.

"माणूस असता तर लाइट लागली नसती का, साहेब?" तिचा पुतण्या म्हणाला. काकी एकटी राहते म्हणून त्यानेच दारावर सेन्सरचा दिवा बसवला होता. अंगणात कुणी हललं की भक्कन उजेड पडायचा. मी चाललो, हवालदाराला चालवलं, दर वेळी दिवा लागला. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

"काकी, हट्ट सोड. कामोठ्याला माझ्याकडं चल," पुतण्या म्हणाला.

म्हातारी माझ्याकडे बघत होती. "ते बोलवतात त मी जाईन, सायेब. पन मना लय भ्या वाटतं." चार घास खाल्ले नाहीत तर ती खरंच जाणार होती. माझा जीव तुटला.

मागच्या दाराच्या आत बसून मी जबाब घेतले. पुतण्या कुठेच अडखळला नाही आणि तेच मला खटकलं. घरच्या भानगडीत खरं बोलणारा माणूस हमखास चाचरतो. अंधारून आलं होतं. मी सहज म्हणालो, "मोरीवरून तांब्याभर पाणी आण रे."

तो गेला, पाणी घेऊन आला. अंगण काळोखातच होतं.

सवयीने तो भिंतीला चिकटून, दिव्याच्या बरोब्बर खालून गेला होता. तिथे सेन्सरची नजर पोचत नव्हती, हे बसवणाऱ्यालाच ठाऊक. "आता मधून जा," मी म्हणालो. दिवा लागला आणि गड्याने हात जोडले. "चुकलो, साहेब. काकी निघाली असती तर घर विकता आलं असतं." मिठाच्या पाण्यात पाय बुडवून तोच यायचा. काकाची काठी त्याच्या माळ्यावर सापडली. पंचांसमक्ष जप्त केली.

म्हातारीसमोर भाकरी ठेवून म्हणालो, "आजी, दार वाजवणारा हा होता. आता भिऊ नका."

तिने घास मोडला. "ह्यो यायचा तवा लाइट लागायची नाय ना?"

"नाही."

"मंग कदी कदी अंगनात कोन नसताना लाइट लागायची, तवा कोन यायचा?"

"मांजर असेल."

"असंल," ती पहिल्यांदा हसली. "तवा मना भ्या नाय वाटायचं."

घाबरवणाऱ्याला घराच्या सवयी पाठ असतात, हे या प्रकरणाने मला शिकवलं. तपासात त्याचा पुढे फार उपयोग झाला. आता पनवेलच्या माझ्या घरामागेही असाच दिवा आहे. बायको गेल्यापासून तो अधूनमधून उगाच लागतो. मांजरच असणार. तरी हल्ली मी मागच्या दाराला कडी लावत नाही.