न लागलेला लाल दिवा

चोपड्याहून नानांचा फोन आला, तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. नाना म्हणजे माझे थोरले मामा. जन्म केळीच्या बागेत गेला, पण जीव सगळा त्यांच्या जुन्या पांढऱ्या मोटारीत. डोळे अधू झाले तशी गाडी त्यांनी मला दिली. फोनवर म्हणाले, "एक डाव गाडी लई ये भाऊ. माले तिना आवाज आयकना शे." (एकदा गाडी घेऊन ये, मला तिचा आवाज ऐकायचा आहे.)

सकाळी सहाला नाशिक सोडलं. गाडी पन्नाशीची, मी पासष्टीचा. कुरकुर दोघांचीही सारखीच. फोन येण्याआधी महिनाभर तिचा तेलाचा लाल दिवा सिग्नलला थांबलं की मिचमिच करायचा. बायको म्हणाली, "मेकॅनिकला दाखवा." मी म्हटलं, "चाळीस वर्षं गाडी चालवतोय. हा वायरीचा चाळा आहे." आणि इंजिनावरच्या स्विचची ती वायर उपटून इतर वायरींत खोचून दिली. दिवा बंद, कटकट बंद. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांकडे बघूनच.

धुळ्यात शेवभाजी आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) खाल्ली. तिखटाने कानातून वाफा आल्या, पण मजा आली. मागचा एक दिवा लागत नव्हता म्हणून शेजारच्या ऑटो-इलेक्ट्रिकच्या दुकानी गाडी लावली. दुकानातले चाचा पांढऱ्या दाढीचे, कमी बोलणारे. मागचा दिवा पाच मिनिटांत लावला आणि आत बसून नुसतीच चावी फिरवून पाहिली.

"साहेब, तेलाचा दिवा लागत नाही तुमचा."

"मग चांगलंच आहे की!"

"नाही साहेब. इंजिन चालू करायच्या आधी तो लागायलाच पाहिजे. तेलाचा दाब आला की विझतो. आधी लागतच नसेल तर पुढे सांगणार कोण? बोनेट उघडा, अर्धा तास द्या."

बोनेट उघडलं असतं तर माझी कारागिरी उघडी पडली असती. एवढ्याचीच लाज वाटली मला. "बल्ब उडाला असेल चाचा, येताना बघू," म्हणालो आणि निघालो. आरशात चाचा हात पुसत गाडीकडेच बघत उभे दिसले.

सोनगीरचा किल्ला दिसायला लागला तशी ठकठक ऐकू आली. वाटलं, इथे तांब्यापितळेची भांडी घडवतात, तोच आवाज असणार! गाव मागे पडलं तरी ठोकणं चालूच. मग एकदम खडखड, आणि गाडी जागीच जाम. तेलाची पट्टी काढून पाहिली. टोकालासुद्धा तेल नाही. गळत होतं, आणि दिवा महिनाभर तेच सांगत होता. रस्त्याच्या कडेला बसून मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. खरंच मारली.

शेवटी एक पिकअपवाला भेटला. गाडी मागे चढवली, दोरांनी बांधली. शिरपूरमार्गे निघालो.

चोपड्यात नाना दुपारपासून धुतलेली टोपी घालून ओट्यावर बसले होते. पिकअप दारात थांबली तसे म्हणाले, "हाई आपली गाडी नई. हाऊ आवाज तिना नई."

गाडी उतरवली. नानांनी बोनेटवर हात ठेवला. थंडगार. मी काय झालं ते सांगितलं, म्हणजे अर्धंच सांगितलं.

"तेलना दिवा लागना व्हता का?"

"नाही नाना. लागलाच नाही."

शब्द न् शब्द खरा होता. नानांनी बोनेट उघडायला लावलं. त्यांची बोटं इंजिनावरून सरकत गेली आणि मी खोचलेल्या वायरीशी थांबली. ती चिमटीत धरून त्यांनी तिचं टोक चाचपलं.

"मनीच चूक शे," ते म्हणाले. "हाई वायर मी लायेल व्हती. निंघी गई. माफ कर भाऊ." (माझीच चूक आहे. ही वायर मी बसवली होती, निघून गेली.)

मी बोनेट लावून टाकलं. मामींनी रात्री भरीत केलं होतं. मी अर्ध्या भाकरीवर उठलो.

गाडी तिथेच ठेवून दुसऱ्या दिवशी एसटीने परतलो. धुळ्यात उतरून मुद्दाम चाचांकडे गेलो. इंजिन जाम झाल्याचं आणि नानांनी माफी मागितल्याचं सांगितलं. मग म्हणालो, "वायर मीच काढली होती."

"वाटलंच होतं," चाचा म्हणाले. "पण मला सांगून काय उपयोग? मामांना सांगा."

नाशिकच्या बसमध्ये बसताच फोन लावला. वाक्य जुळवून ठेवलं होतं. पण माझा आवाज ऐकताच नानाच बोलायला लागले, अगदी उत्साहात. "वायर नवी लाई टाकी मी. चावी फिरावी का दिवा लागस, लाल लाल. माले बी दिसस! तू जीवले लाई लेवू नको." (वायर मी नवी लावून टाकली. चावी फिरवली की दिवा लागतो, मला पण दिसतो. तू मनाला लावून घेऊ नकोस.)

"बरं झालं नाना," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.