म्बाह कासिनाहची गाडो-गाडो सायकल

आमच्या जावातल्या बांतुलकडच्या खेड्यात बाकीच्या बायका बाजाराला कशाही जावोत, म्बाह कासिनाह मात्र सायकलच्या कॅरिअरवर एका अंगाला पाय सोडून, मांडीवर आंबवलेल्या सोयाबीनच्या, म्हणजे तेंपेच्या, वड्यांची टोपली घेऊन जायच्या. म्बाह म्हणजे आजी. सगळं गाव त्यांना तेच म्हणतं. सायकल चालवायचे त्यांचे यजमान पोनिरिन, पण हुकूम मागून सुटायचे. "डावीकडे घ्या. कोंबडी आहे. अहो, कोंबडीकडे बघा, माझ्याकडे काय बघताय!" पोनिरिन फणसाखाली सायकली दुरुस्त करायचे आणि जन्मात कधी बायकोपुढे तोंड उघडलं नाही. म्हणूनच संसार झाला, असं म्बाह स्वतःच सांगतात.

पोनिरिन गेले. बघता बघता त्यांच्या हजाराव्या दिवसाचं, म्हणजे आमच्याकडे गेलेल्याच्या नावाने घालतात ते शेवटचं मोठं जेवण जवळ आलं. अंगणात चटया घालायच्या, तर भिंतीला ती सायकल टेकलेली. जकार्ताहून मुलाने फोनवर फर्मावलं, "जुन्या चांगल्या कंपनीची असली तर ठेव, नाहीतर भंगारवाल्याला देऊन टाक." म्बाहना सायकल चालवता येत नाही. तरी ती भंगारात जाणार म्हटल्यावर त्यांना घास जाईना. शेवटी ती ढकलत त्या आमच्या दारात आल्या, कारण आमचे हे, मुजिरान, जुन्या सायकलींच्या मंडळाचे अध्यक्ष.

हे मंडळ म्हणजे एक थेर आहे. दर रविवारी पोटं सुटलेले बाप्ये डचांच्या काळातले शिपायाचे कपडे चढवतात आणि हॉलंडच्या सायकलींवरून मिरवतात. बटणं लागत नाहीत, ती मी सेफ्टी पिनांनी जुळवून देते. सायकलीचा खिळान्‌खिळा मूळ कंपनीचा हवा, हा यांचा धर्म. जरा भेसळ दिसली की ती गाडो-गाडो. उकडलेल्या भाज्या एकत्र करून वर शेंगदाण्याचा रस्सा ओतलेलं गाडो-गाडो हेच लोक चाटूनपुसून खातात, पण सायकलीला म्हटलं की ती शिवी.

तिघे तज्ज्ञ जमले: हे, निवृत्त दार्सोनो मास्तर आणि वीटभट्टीवाले तुगिनो. भिंग आलं, चिंधी आली, रॉकेल आलं.

"पुढच्या चाकाचा चिमटा बायकांच्या सायकलीचा," तुगिनो म्हणाले. "फ्रेम भलतीच. शुद्ध गाडो-गाडो."

मास्तरांचं बोट चेनकव्हरवरच्या पोच्यावर थांबलं होतं. "हा पोचा मी पाडलाय. कालव्यात पडलो होतो. बाबांनी झोडपलं होतं."

मग तुगिनोंना तोच चिमटा एकाएकी ओळखीचा वाटू लागला. त्यांच्या आजीच्या सायकलीचा होता. यांनी घंटी वाजवली आणि यांचा चेहराच पडला. ती माझ्या सासऱ्यांची.

मला सगळं आठवत होतं. मोटरसायकली आल्या तेव्हा याच तिघांच्या घरच्या सायकली खुराड्यात पडल्या होत्या. सुटे भाग "अडगळ आहे, घेऊन जा" म्हणत पोनिरिनना दिले होते. आता त्याच सायकली घासूनपुसून मिरवतात, आणि प्रत्येकीला नेमका तोच एक भाग बाजारातला नवा.

संध्याकाळी म्बाह सायकल ढकलत परत घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हे केळ्यांचा घड घेऊन त्यांच्याकडे निघाले. "म्हाताऱ्या बाईला बरं वाटेल," म्हणे. मीही मागोमाग गेले. बघते तर उरलेले दोघे आपापले घड घेऊन आधीच चटईवर. आमच्याकडे मागणं थेट तोंडावर आणायचं नसतं.

"कोंबड्या छान आहेत, म्बाह," मास्तर म्हणाले.

"तुकतुकीत आहेत," तुगिनो.

"छानच आहेत," आमचे हे.

चहा निवला तरी कोंबड्याच. शेवटी म्बाह कडाडल्या, "कोंबड्या नकोत तुम्हाला. ज्याचं जे असेल ते काढून न्या. पण तिथे आपला नवा भाग बसवून जायचा. माझी सायकल उघडी पडता कामा नये."

तिघे शाळकरी पोरांसारखे कामाला लागले. दुपारपर्यंत ती सायकल आणखीच गाडो-गाडो झाली. मास्तरांना उपकाराचं ओझं झालं असावं, म्हणाले, "हे कॅरिअरही चांगलं बसवून देतो, म्बाह. याला कंपनीच नाही. कुणीतरी खिडकीचे गज वाकवून केलंय."

"माझ्याच खिडकीचे." म्बाह उठून सायकलीजवळ गेल्या. "लग्नानंतर पहिल्यांदा बाजाराला निघाले तर बसायला जागाच नव्हती. त्यांनी खिडकी मोडली. वाटेत एकदा विचारलं, बोचत नाही ना?"

"मग?" मी म्हटलं.

"बोचत होतं गं. मी नाही म्हणाले."

मला रडू आलं. मी उगाच केळ्यांची सालं गोळा करायला लागले. यांनी पाना खाली ठेवला आणि जकार्ताला फोन लावला. "अध्यक्ष बोलतोय. कॅरिअर अस्सल आहे. सायकल कुठेही जाणार नाही."

हजाराव्या दिवसाला चटया सायकलीला वळसा घालून घातल्या. पुढच्या रविवारी मिरवणूक निघाली तेव्हा सर्वांत पुढे तीच गाडो-गाडो. चालवायला आमचे हे, पिना लावलेल्या शिपायाच्या कपड्यांत घामाघूम. मागून हुकूम सुटत होते, "डावीकडे घे. मुजिरान, कोंबडी!"

वळणावर सायकल डुगडुगली. "माझा शर्ट धरा, म्बाह!" हे ओरडले. म्बाहनी शर्ट धरला नाही. हात मागे नेऊन त्यांनी खिडकीचा गज घट्ट धरला.