आर्डिसचे दहा जिग

आर्डिस स्कोग्लंडने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, तीही आमच्या उत्तर मिनेसोटातल्या बर्फात. एकदाही गाडी खड्ड्यात घातली नाही, असं ती स्वतःच सांगते, आणि दोनदा सांगते. पण चर्चच्या तळघरातल्या जिगवाल्यांना तिच्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक : या बाईने ऐंशी जिग नासवले.

जिग म्हणजे शिशाचं डोकं ओतलेला गळ. दर मंगळवारी ही मंडळी ते ओततात, रंगवतात, आणि मे महिन्यात वॉलाय मासा धरायला परवानगी मिळायच्या आधी चर्चच्या विक्रीत फळीवर टांगतात. ज्याचे जिग, त्याचं नाव वर. आर्डिसचं नाव कधीच लागलं नव्हतं. गेल्या वर्षी लागणार होतं, पण तिने अर्धवट सुकलेल्या ऑइलपेंटवर नेलपॉलिशचे ठिपके दिले, आणि बघता बघता ऐंशीही जिगांचा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला.

"अगं, एक डबा, एक ब्रश!" मंडळाचा म्होरक्या हार्लन टोफ्टे म्हणाला. वडिलांपासून त्यांच्या घरात एकच लाल ऑइलपेंट. "रंगांची खिचडी करायला हे काय स्वयंपाकघर आहे? तुला नाही जमायचं ते."

नाही जमायचं! झालं, बाई पेटली. गॅरेजमध्ये जुना ओव्हन मांडला. शिसं तापवून रंगाच्या भुकटीत बुडवायचं, मग ओव्हनमध्ये पक्कं भाजायचं. गार झालं की नेलपॉलिश. एक दिवस हात लावायचा नाही. मगच वरून पारदर्शक लेप. हा क्रम तिला कुणी शिकवला नाही. आधी नेलपॉलिश लावून भाजून पाहिलं, तर त्याला फोड आले. तेही जिग तिने फेकून दिले, पण हट्ट काही सोडला नाही.

"ब्यूटी पार्लर काढलंस की काय?" नवरा रॉल्फने विचारलं.

"हो. आणि तुझा नंबर सगळ्यात शेवटी."

एप्रिलमध्ये तिने दहा जिग तळघरातल्या टेबलावर ठेवले. हिरवे, पिवळे, डोळे चमकणारे. हार्लनने तोंडातली लिंबाची वडी, लेमन बार, संपवली आणि काचेची बरणी काढली. नवख्याचे जिग, गळाला मासा भुलवायला लावतात त्या रबरी शेपट्यांबरोबर आठवडाभर बरणीत कोंडायचे, ही आमची रीत. ते रबर कच्चा रंग खातं. पेटीत ठेवलेला जिग चिकट निघाला, तर गिऱ्हाईक शिव्या घालतं.

"घाल की," आर्डिस म्हणाली. "पण शेजारच्या बरणीत तुझे दहा."

"माझे? चाळीस वर्षं लोक माझे जिग नेतात!"

"मग घाबरतोस कशाला, बाबा?"

सगळे हसले. हार्लनला नाही म्हणता येईना.

पुढच्या मंगळवारी कॉफी तशीच राहिली, सगळे बरण्यांभोवती. हार्लनचे दहाही लाल जिग शेपट्यांना चिकटून लगदा झालेले. आर्डिसचे एकेक करून निघाले. स्वच्छ. स्वच्छ. दहाव्याचा रंग मात्र बोटाला लागला.

"हा बघा!" हार्लन जवळजवळ ओरडलाच. "मी म्हणत नव्हतो?"

आर्डिसचे कान लाल झाले. क्षणभर वाटलं, उठावं आणि घरी जावं. पण तिने तो जिग उचलून सगळ्यांसमोर धरला.

"हा ओव्हनच्या कोपऱ्यात होता. पुरता भाजायच्या आत मी घाईने बाहेर काढला. चूक माझी. आता तू सांग, तुझ्या दहांचं काय चुकलं?"

हार्लनने फळीवरची आपली रांग एका बाजूला सरकवली.

"नऊ लाव," तो पुटपुटला. "पण नाव मंडळाचं टाकू. लोकांना उगाच प्रश्न नकोत."

"लोकांनी विचारावं म्हणूनच नाव लावायचं असतं, हार्लन."

तिने जाड पेनाने, बसवर असतात तेवढ्या मोठ्या अक्षरांत, आर्डिस स्कोग्लंड लिहिलं आणि नऊ जिग खाली टांगले.

"आणि तो दहावा? दे इकडे, टाकतो कचऱ्यात," हार्लन म्हणाला.

"हात लावू नकोस! तोही माझाच आहे."

मासेमारीच्या परवानगीच्या पहिल्या सकाळी, तळ्यावर जमलेल्या सगळ्यांदेखत, तिने आपल्या गळाच्या दोरीला तोच दहावा बांधला.