पुलावर संपलेला गारवा

कलकत्त्याला गेलो तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. गार्डन रीचला जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्यात जहाजांवरच्या शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करणं हे माझं काम. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली शेवटची वर्षं ती. शहरात मराठी घरं मोजकीच, त्यामुळे गणेशोत्सवात झालेली ओळख वर्षभर टिकायची. अशाच ओळखीतून भवानीपूरच्या एका मराठी डॉक्टरांनी मे महिन्यात निरोप पाठवला, गाडीचं थंड हवेचं यंत्र बंद पडलंय, येऊन बघाल का?

मला वाटलं, हौशी माणूस दिसतोय. मोटारीत थंड हवा म्हणजे तेव्हा संस्थानिकांची नाहीतर साहेबलोकांची चैन. गाडीही मायदेशी परतलेल्या एका साहेबाकडूनच घेतलेली होती, पाच-सहा वर्षं जुनी, लांबलचक अमेरिकन. पण डॉक्टर मला गाडीकडे न नेता आधी माडीवर घेऊन गेले.

वरच्या खोलीची दारंखिडक्या बंद होती आणि आत गारवा होता. डॉक्टरांच्या पत्नी, काकू, पलंगावर बसल्या होत्या. मानेपासून दोन्ही मनगटांपर्यंत त्यांची कातडी आवळलेली, चकाकती होती. तीन वर्षांपूर्वी स्टोव्हचा भडका उडाला होता.

"जखमा भरल्या," डॉक्टर म्हणाले, "पण या कातडीला घाम येत नाही. उकाड्यात अंग आतल्या आत तापत जातं. म्हणून तर ही गाडी घेतली."

संध्याकाळी ते त्यांना गाडीतूनच गंगेच्या काठाला नेत. काचा लावून त्या तासभर होड्या बघत बसायच्या. तेवढंच त्यांचं बाहेरचं जग.

"माझी आई हावड्याला आहे, भावाकडे, फार आजारी," काकू म्हणाल्या. "सकाळपासून मला हाका मारतेय, असा निरोप आलाय. आज जाता येईल का, एवढंच सांगा."

भावाच्या घरी बर्फाच्या लाद्या आणि पंखा यांवर दीड-दोन तास निभावले असते. जीवघेणा होता तो मधला रस्ता.

मी खाली आलो. थंडावा देणारा गॅस ज्या नळीतून फिरतो, तिच्यावर एक छोटी काच असते. यंत्र चालू असताना तिच्यात बुडबुडे दिसले तर गॅस कमी आहे असं समजायचं. तिथे नुसता फेस होता. दोन गॅरेजवाल्यांनी पूर्वी गॅस भरून दिला होता आणि पंधरा दिवसांत तो उडून गेला होता. म्हणजे गळती होती. इंजिनाजवळच्या, गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला मी साबणाचं पाणी लावलं. एका नटापाशी बुडबुडा फुगला. तो नट आवळला, पुन्हा पाणी लावलं, बुडबुडा आला नाही. मला इतकं हायसं वाटलं की पुढे पाहिलंच नाही. गाडीखाली एके ठिकाणी तेलकट चिखल बसलेला दिसला होता. इंजिनाचं तेल असेल, म्हणून मी तो सोडून दिला. कारखान्यातून फोरमनला विचारून गॅसची टाकी आणली, गॅस भरला. मागच्या सीटवर गार वारा येऊ लागला.

"काकू, चला," मी म्हणालो.

चारच्या सुमाराला आम्ही निघालो. डॉक्टर गाडी चालवत होते, मी त्यांच्या शेजारी. ट्रामच्या रुळांवरून गाडी दणके खात गेली. हावड्याच्या पुलावर चढलो आणि अडकलो. पुढे ट्राम उभी, दोन्ही बाजूंना हातगाड्या, बैलगाड्या, माणसं. थोड्या वेळाने वारा कोमट झाला, मग गरम. मी मागे वळून पाहिलं. काकूंचा चेहरा लालबुंद झाला होता, तरी त्या पुढेच बघत होत्या. समोर पुलापलीकडे स्टेशनची इमारत दिसत होती.

"थोडंच राहिलंय," त्या पुटपुटल्या, आणि त्यांची मान कलली.

डॉक्टरांनी वाटेतल्या माणसांना हात जोडून जोडून गाडी वळवली. घरी नेऊन ओल्या चादरीत गुंडाळलं तेव्हा त्या शुद्धीवर आल्या. अंगात ताप होता. डॉक्टर मला एक शब्दही वाईट बोलले नाहीत. तेच सोसवेना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कारखान्यातला गळती शोधायचा दिवा घेऊन गेलो. या दिव्याच्या ज्योतीत गॅस शिरला की ज्योत हिरवी होते. या वेळी मी गाडीखाली उताणा झोपून नळी टोकापासून टोकापर्यंत पाहत गेलो. त्या तेलकट चिखलापाशी ज्योत हिरवीगार झाली. गॅसबरोबर यंत्राचं तेलही फिरत असतं. गॅस सुटतो तिथे ते ठिबकतं आणि धूळ धरतं. हे मला पाठ होतं. तिथली, नळी धरून ठेवणाऱ्या पकडीखालची रबराची पट्टी झिजली होती आणि तांब्याची नळी सांगाड्याला घासून घासून चिरली होती. मी भरलेल्या गॅसचा दाब आणि रस्त्याचे दणके, यांनी चीर वाढली होती. नळी काढून डाग देऊन चीर बुजवली, नवं रबर घालून बसवली, पंपाने आतली हवा ओढून घेतली. मग गॅस भरला आणि गाडी तासभर रस्त्यावर फिरवून आणली. नळीवरची काच स्वच्छ होती, एकही बुडबुडा नव्हता. दिवा पुन्हा सगळीकडे फिरवला.

मग माडीवर गेलो.

"काकू, गळतीची खूण कालच दिसली होती. मी घाईत नीट पाहिलं नाही."

त्या पलंगावर उठून बसल्या.

"आज पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग चला."

पुलावर पुन्हा खोळंबा झाला. मी सारखा हात मागे नेऊन वारा तपासत होतो. वारा गारच राहिला.

हावड्याला भाऊ दारातच उभा होता. तो म्हणाला, "ताई, काल संध्याकाळपर्यंत बोलत होती गं. तुझंच नाव घेत होती. आता वाचा गेलीय."

मी तिथून बाजूला झालो, पण दार उघडंच होतं. आईच्या उशाशी बर्फाची लादी, वर पंखा. काकू जवळ बसल्या, त्यांनी पदर बाजूला केला आणि आपला हात आईच्या हातात दिला. म्हातारीची बोटं त्या आवळलेल्या कातडीवरून सावकाश फिरली, कोपरापर्यंत गेली, परत आली. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. भाजल्यापासून काकूंनी तो हात तिला दाखवला नव्हता, हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं.

दोन तासांनी आम्ही निघालो. वाटेत मला राहवेना.

"काकू, काल पोचलो असतो तर..."

"हो, पोचलो असतो," त्या म्हणाल्या. बाहेर नदी दिसत होती. "तिचा आवाज ऐकायचा राहिला. आता ते मनात घेऊन बसू नका. पण पुन्हा कुणाच्या बाबतीत अशी घाई करू नका."

दुसऱ्या दिवशी पहाटे म्हातारी गेली.

तेराव्याला मलाही बोलावणं होतं. जावं की नाही, मी ठरवू शकलो नव्हतो. सकाळी माझ्या खोलीखाली हॉर्न वाजला. डॉक्टर आणि काकू गाडीत बसले होते आणि पुढची, डॉक्टरांच्या शेजारची जागा रिकामी ठेवली होती.