गणपतीचा उंदीर

झाकण उचलायचं, नाक आत घालायचं आणि म्हणायचं, "यात काय न्हाय." माझ्या वरणाच्या पातेल्याबद्दल म्हातारीचं हे मत मी रोज ऐकत असे. दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय हे बघितल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. ही नुसती बघून थांबत नसे, वर कीवही करी.

इंग्रजी अमदानीत मी जंगलखात्यात कारकून होतो. पालीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, कातकऱ्यांच्या वाडीतच मला झोपडी मिळाली होती. म्हातारी माझी शेजारीण. मी तिला बाय म्हणायचो, ती मला दादा. मासमच्छी न खाणारा जवान माणूस एकतर आजारी असतो नाहीतर सुतकात, अशी तिची पक्की समजूत. माझी पुरणपोळी तिने नागोठण्याच्या बंदरातून आलेल्या सुकटीबरोबर खाल्ली आणि "आता लागतंय," म्हणाली.

भातकापणी झाली की कातकरी शेतातली बिळं खणतात. उंदीर मिळतो आणि त्याने साठवलेलं भातही. एकदा बाय पळसाच्या पानावर खरपूस भाजलेला उंदीर घेऊन आली आणि पोटच्या पोराला द्यावा तसा माझ्यापुढे ठेवला. मला नाही म्हणवेना आणि खाववेना. शेवटी मी सांगितलं, की उंदीर आमच्या गणपतीचं वाहन, आम्ही तो खात नाही.

हे तिला लगेच पटलं. ज्याच्यावर बसायचं ते खायचं नाही, बैलाचं तसंच. पण मग तिचा चेहरा उतरला.

"आम्ही लई खाल्ले रं दादा," ती हळूच म्हणाली. "देव चालत जात असंल."

मी हसलो. ती हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने उंदीर सोडला, त्याच्या बिळातलं भातही सोडलं, आणि तिच्या धाकाने सगळ्या वाडीने. पोटभर खायचे वर्षातले तेच दिवस, आणि माणसं बिळांपाशी पहारी टेकून बसून राहिली. उंदरांनाही हे कळलं असावं. त्यांनी माझा साबण खाल्ला, मग वहाणेचा अंगठा. बायचा जावई रोज दारात येऊन माझ्याकडे बघत उभा राहायचा. मी तिला नाना परींनी समजावलं, पण ती ऐकेना. नुसते कंद उकडून खायची आणि वाळत चालली होती. मला तिची फार काळजी वाटू लागली.

एका सकाळी ती चालत पालीच्या गणपतीला गेली. दिवस कलताना परतली, ती लांबूनच हात हलवत. देवळाबाहेरूनच तिने वाकून बघितलं होतं.

"त्याचा उंदीर जाग्यावर हाय," ती म्हणाली. "लाडू धरून बसलाय. कुनी खाल्ला न्हाय. आमचे येगळे."

जावई पहार घेऊन पळत सुटला.

दुसऱ्या दिवशी बाय दारात हजर. उंदीर तिने स्वतःकडे ठेवले होते, आणि बिळातलं भात कांडून माझ्यासाठी सूपभर तांदूळ आणले होते. मी ते जरा जास्तच वेळा धुतले आणि शिजवले. तिने झाकण उचललं, नाक आत घातलं.

"आता यात काय तरी हाय."

होतंच. तसा गोड भात मी पुन्हा खाल्ला नाही.

पुढे माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी गेलो तेव्हा वाडी कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरीला निघून गेली होती, आणि बाय त्याआधीच वारली होती. तिच्या चुलीचे दगड तेवढे राहिले होते.

अजून कुठल्याही गणपतीच्या देवळात गेलो की लोक वर देवाकडे बघतात, मी आधी खाली उंदराकडे बघतो. तो जागेवर आहे ना, एवढं पाहून घेतो. घरी जाऊन बायला सांगायचं असल्यासारखं.