वरवंट्याखालची रेल्वे

माझ्या आईला घाबरवणं सोपं नव्हतं. कोल्हापुरात, आमच्या मंगळवार पेठेत दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला ती दारात उभी राहून असं काही सुनवायची की तो पुढचे आठ दिवस पलीकडच्या गल्लीनं जायचा. पण दाजींच्या एका पत्रानं ती गप्प झाली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी ते कलकत्त्याला भवानीपुरात राहत होते. बहिणीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, तिला सासू नव्हती आणि डॉक्टरनं लांबच्या प्रवासाला मनाई केली होती. म्हणून बाळंतपणाला आईनंच तिकडं जायचं ठरलं होतं. आमची ट्रंकही माळ्यावरून खाली उतरली होती. तेवढ्यात दाजींनी हौसेनं कळवलं, की आमच्या घराजवळ जमिनीखालची रेल्वे सुरू झालीय, आईंना फिरवून आणू.

आईनं ट्रंक परत माळ्यावर टाकायला लावली.

"देवीच्या नावाची पेठ, आन् तिच्या पोटात बीळ पाडलंया," ती म्हणाली. "मी न्हाय जात."

"तू बसू नकोस की गाडीत," मी म्हटलं.

"गाडीत बसायचं कोण बोलतंय? खालची माती काढल्यावर वर झोपायचं कसं? माझी पोर झोपतीया तिथं. तिलाच हिकडं घिऊन या म्हणावं."

मला आबांची गोष्ट माहीत होती. आबा म्हणजे आईचे वडील. कोडोलीला त्यांनी स्वतःच्या रानात विहीर काढायला घेतली. आई तेव्हा लहान होती. ती भाकरी घेऊन काठावर पोचली, आणि तिच्या डोळ्यांदेखत एका बाजूची दरड आत गेली. आबा खालीच होते; ते वर आलेच नाहीत. त्यानंतर आई कधी कुठल्या विहिरीत वाकून बघू शकली नाही.

तिची भीती मला कळत होती. पण खरं सांगायचं तर मला दाजींच्या रेल्वेनं झपाटलं होतं. खाली वारा कुठून येत असेल? पावसाळ्यात पाणी शिरत नसेल? दिवसरात्र अंधार, मग ड्रायव्हरला आपण कुठं आलो हे कसं कळतं? मी हायस्कूलात भूगोल शिकवायचे. पृथ्वीच्या पोटातला तप्त रस फळ्यावर लाल खडूनं काढायचे, पण पायाखाली चार पुरुष खोल काय चालतं याचा पत्ता नव्हता. मग वाटलं, आपणच तसली छोटी रेल्वे करून बघावी. आपल्यालाही कळेल आणि आईची भीतीही जाईल. एका दगडात दोन पक्षी.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक चाचा राहायचे. पत्र्याच्या ट्रंका करणं हा त्यांचा तीन पिढ्यांचा व्यवसाय. वर्तमानपत्रात आलेलं त्या रेल्वेचं चित्र दाखवल्यावर त्यांनी ते उजेडात धरलं, उलटं करून बघितलं आणि विचारलं, "बाई, हिचं इंजिन कुठं हाय?"

"दिसत न्हाय."

"छापायचं ऱ्हायलं आसंल. इंजिनाबिगर गाडी कुठं पळतीया व्हय?"

मलाही ते पटलं. आम्ही दोघंही कोल्हापूरचे. आमचं स्टेशन म्हणजे शेवटचं, पुढं रूळच नाहीत. गाडी आली की इंजिन सोडायचं, बाजूच्या रुळावरून मागं न्यायचं आणि दुसऱ्या टोकाला जोडायचं, हे लहानपणापासून बघितलेलं. कलकत्त्यात तरी दुसरं काय असणार? म्हणून आम्ही दोन्ही शेवटच्या स्टेशनांवर खिडक्या ठेवल्या. तिथून सांडशी घालून इंजिन उचलायचं आणि मागच्या बाजूला अडकवायचं.

तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे डबे झाले. मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे रूळ झाले. चाकांचं जमेना, तेव्हा मी आईच्या शिलाई मशीनच्या बॉबिनी पळवल्या. दोन्हीकडं कड असल्यामुळं त्या रुळावर अशा चपखल बसल्या की चाचांनी मांडीवर थाप मारली. ब्लाऊज शिवायला बसलेल्या आईनं मात्र घर डोक्यावर घेतलं. गाडीला दोरी बांधली आणि दोन्ही टोकांना मशीनच्या जुन्या चाकांवरून फिरवली. वरून पुठ्ठा टाकला, त्यावर भवानीपूर वसवलं. घरं, ट्राम, दाजींचं दुकान. दुकानावर मी पाटीसुद्धा रंगवली.

एका रविवारी आईला बाहेरच्या सोप्यात पाट टाकून बसवलं. समोरची बाजू उघडी होती, त्यामुळं खालचं सगळं दिसत होतं. मी दोरी ओढली. गाडी खडखडत निघाली, स्टेशनात थांबली. चाचांनी सांडशीनं इंजिन फिरवलं. मला स्वतःचाच अभिमान वाटत होता.

आई गाडीकडं बघतच नव्हती. तिनं बोटानं वरचा पुठ्ठा दाबला. मग उठून आत गेली, पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली आणि दाजींच्या दुकानावर ठेवला. दुकान, ट्राम, रस्ता, सगळं आत बसलं. गाडी खाली अडकली.

"आगं, पुठ्ठा हाय त्यो," मी चिडून म्हटलं.

"मंग माझ्या पोरीच्या खाली काय हाय? त्ये सांग की."

पाटीचा रंग कुठला ते आम्ही विचार करून ठरवलं होतं, पण जमीन कशावर उभी आहे हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मला तिची दया आली आणि स्वतःचा संताप आला.

बहिणीचे दिवस भरत आले तेव्हा तिला शेजारणीच्या भरवशावर ठेवून दाजी स्वतः आईला न्यायला आले. सोप्यातला मोडका पसारा बघून त्यांनी चौकशी केली. सांडशीचा प्रकार ऐकून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "दोन्ही टोकाला ड्रायव्हरची खोली असती," ते म्हणाले. "त्यो नुसता हिकडनं तिकडं चालत जातो." दाजींना भेटायला आलेल्या चाचांचा चेहरा पडला.

आई मात्र हसली नाही. "पावणं, वरची जमीन कशानं पेलली हाय?"

दाजींनी क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि हसणं आवरलं. ते खाली मांडी घालून बसले. "आमच्या दुकानाफुडं कैक वर्सं चर हुता. गिऱ्हाईक फळीवरनं यायचं. सगळं डोळ्यानं बघितलंय मी. पैल्यांदा दोन्ही बाजूला जमिनीत भिंती उतरवल्या. मंग मधली माती काढली. मंग वरनं स्लॅब, आन् त्याच्यावर रस्ता."

"आदी भिंती? माती काढायच्या आदी?"

"व्हय."

आईनं मोडलेला पुठ्ठा उचलून बाजूला ठेवला. "आमच्या आबानं आदी खणलं," ती म्हणाली. "बांधकाम सुगी झाल्यावर करू म्हणला."

मग चाचा उठले. "वैनी, पत्रा हाय माज्याकडं. आदी भिंती करतो."

त्यांनी ट्रंकेचा जाड पत्रा कापला, दोन्ही भिंती लाकडी फळीत ठोकून बसवल्या, वर झाकण रिव्हेट मारून पक्कं केलं. बाजूला एक लांबट भोक ठेवलं, आत बघायला. आईनं स्वतः वरवंटा ठेवला. हललं नाही. मग दोन्ही हातांनी दाबून बघितलं. मग ती खाली वाकली, भोकाला डोळा लावला आणि मला म्हणाली, "वड दोरी." तिला असं वाकून खाली बघताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. गाडी वरवंट्याखालून गेली आणि परत आली.

दुसऱ्या दिवशी ट्रंक माळ्यावरून उतरली. निघताना उंबऱ्यात आई वळली. "वरवंटा काढू नगंस. मी येस्तवर तसाच ऱ्हाऊ दे."

"मग चटणी कशानं वाटू?"

"चाचाच्या घरात न्हाय व्हय वरवंटा?"

मी शाळेतून आले की रोज एकदा गाडी खालून नेत असे. नात झाल्याची तार आली तेव्हाही वरवंटा तिथंच होता.

आई परत आली ती आधी सोप्यात गेली. मी विचारलं, "बसलीस का गाडीत?"

"बसलो की. खाली उतारल्यावर भिंतीला हात लावून बघितला. गारेगार हुती, आबाच्या हिरीवाणी."

"मग?"

"मंग काय," ती म्हणाली, "वर आलो की." आणि तिनं वरवंटा उचलून धुवायला नेला.